‘बॅक आउट’चा अर्थ आणि वापर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘बॅक आउट’ या क्रियापदाचा नेमका अर्थ काय?

आधी मान्य केलेल्या किंवा कबूल केलेल्या गोष्टीतून ती पार पडण्यापूर्वी अंग काढून घेणे, हा त्याचा रूढ अर्थ आहे. घराचा व्यवहार ठरला, इसार दिला गेला, साठेखत झाले आणि खरेदीखताची तारीख जवळ येताच विकणाऱ्याने नकार दिला, तर इंग्रजीत ‘द सेलर बॅक्ड आउट’ असे म्हणतात. शब्दकोशांत या क्रियापदापुढे ‘माघार घेणे’ असे लिहिलेले आढळते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे; कारण मराठीतली माघार रणांगणावरची असू शकते, निवडणुकीतली असू शकते, स्पर्धेतली किंवा हट्टातलीही असू शकते, आणि यांतल्या बहुतेक ठिकाणी ‘बॅक आउट’ चालत नाही. हे क्रियापद वापरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: माघार घेणाऱ्याने आधी शब्द दिला होता का? उत्तर ‘हो’ असेल तरच ते योग्य जागी बसते. पुढच्या बहुतेक उत्तरांचा धागा हाच आहे.

या शब्दांचा शब्दशः अर्थ कधी लागू होतो का?

होतो. ‘बॅक’ म्हणजे पाठीमागच्या दिशेने सरकणे आणि ‘आउट’ म्हणजे बाहेर. अरुंद गल्लीत शिरलेली गाडी वळवायला जागा नसेल, तर चालक ती रिव्हर्समध्ये टाकून मागे मागे नेत बाहेर काढतो. त्या कृतीलाही ‘बॅक आउट’च म्हणतात. अमेरिकेत घराच्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढण्याच्या संदर्भात हा वापर रोज ऐकू येतो. तेथे अर्थातच शब्द मोडण्याचा काही संबंध नाही. वाक्यात गाडी, ड्राइव्हवे, गॅरेज असे काही असेल तर हा अर्थ घ्यावा, करार, लग्न, भेट, योजना असे काही असेल तर वरचा.

आधी कबुली नसेल तर ‘बॅक आउट’ वापरणे चूक ठरते का?

व्याकरणाच्या दृष्टीने नाही, अर्थाच्या दृष्टीने बहुधा ठरते. तुम्हाला सहलीचे निमंत्रण आले आणि तुम्ही सुरुवातीलाच नाही म्हणालात, तर तुम्ही निमंत्रण नाकारलेत. ‘बॅक आउट’ केले नाही. आधी ‘येतो’ म्हणून नाव नोंदवले, बसची जागा अडवून ठेवली आणि निघण्याच्या आदल्या रात्री निरोप धाडला, तर मात्र बाकीचे सहप्रवासी हाच शब्द वापरतील, आणि त्यात नाराजीही असेल.

या क्रियापदातला दोषाचा सूर समजून घेण्यासाठी ट्विटरच्या विक्रीचे उदाहरण चांगले आहे. इलॉन मस्क यांनी एप्रिल 2022 मध्ये सुमारे 44 अब्ज डॉलरना, म्हणजे प्रत्येक समभागाला 54.20 डॉलर या दराने, ही कंपनी विकत घेण्याचा करार केला. 8 जुलै 2022 रोजी त्यांच्या वकिलांनी हा करार संपुष्टात आणत असल्याचे पत्र दिले. बनावट खात्यांविषयीची माहिती कंपनीने नीट दिली नाही आणि कराराचा भंग तिनेच केला, असा त्यांचा दावा होता. ट्विटरने चारच दिवसांनी डेलावेअर राज्याच्या चॅन्सरी न्यायालयात दावा दाखल केला, आणि खटला उभा राहण्याच्या सुमारास मस्क पुन्हा खरेदीला तयार होऊन 27 ऑक्टोबर 2022 रोजी व्यवहार पूर्ण झाला. मधल्या काळातल्या बातम्यांत मस्क ‘बॅक आउट’ करू पाहत आहेत, अशी वाक्ये सर्रास होती. वकिलांच्या पत्रात मात्र क्रियापद होते ‘टर्मिनेट’. घटना एकच, पण ‘टर्मिनेट’ म्हणणारा आपल्याला तसा हक्क आहे असे सांगत असतो, आणि ‘बॅक आउट’ म्हणणारा समोरच्याने शब्द फिरवला असे सुचवत असतो. म्हणून हे क्रियापद निवडणे म्हणजे नकळत एक बाजू घेणे असते, आणि बातमी लिहिणाऱ्याने तरी याचे भान ठेवावे.

कायद्याने दिलेला हक्क वापरून बाहेर पडल्यास कोणता शब्द वापरावा?

‘विथड्रॉ’. आपल्याकडचे सर्वांत ओळखीचे उदाहरण घरखरेदीचे आहे. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘रेरा’च्या, कलम 18 नुसार विकासकाने ठरल्या मुदतीत ताबा दिला नाही, तर ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागता येतात. कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात त्या जागी ‘विथड्रॉ फ्रॉम द प्रोजेक्ट’ असे शब्द आहेत. येथे ग्राहकाने शब्द मोडलेला नाही, उलट समोरच्याने मुदत पाळलेली नाही. अशा ग्राहकाने आपल्याच तक्रारअर्जात ‘आय वॉन्ट टू बॅक आउट’ असे लिहिले, तर त्याचे हक्क कमी होणार नाहीत, परंतु वाचणाऱ्याच्या मनावर उमटणारी छाप उगाचच बिघडेल.

‘बॅक आउट’च्या पुढे कोणते अव्यय येते?

‘ऑफ’ (of) येते. ‘ही बॅक्ड आउट ऑफ द डील’, ‘दे बॅक्ड आउट ऑफ द अग्रीमेंट’, ‘शी बॅक्ड आउट ऑफ द वेडिंग’ ही नेहमीची वळणे आहेत. ज्यातून माघार घेतली ती गोष्ट संदर्भावरून स्पष्ट असेल, तर ‘ऑफ’ आणि पुढचे नाम दोन्ही गाळतात आणि वाक्य ‘अॅट द लास्ट मिनिट, ही बॅक्ड आउट’ एवढ्यावर थांबते.

मराठी भाषकांकडून ‘बॅक आउट फ्रॉम’ हे रूप फार वेळा लिहिले जाते. ‘व्यवहारातून’, ‘करारातून’ या मराठी पंचमीला इंग्रजीत ‘फ्रॉम’ हा प्रतिशब्द पाठ झालेला असल्यामुळे तसे होते, आणि ‘विथड्रॉ’ला खरोखरच ‘फ्रॉम’ लागत असल्यामुळे हा गोंधळ आणखी पक्का होतो. ‘विथड्रॉ फ्रॉम’, पण ‘बॅक आउट ऑफ’ अशी जोडी लक्षात ठेवावी.

नामाऐवजी क्रिया सांगायची असेल, तर ‘ऑफ’नंतर क्रियापदाचे ‘आयएनजी’ने संपणारे रूप येते: ‘ही बॅक्ड आउट ऑफ पेइंग’, म्हणजे पैसे देण्यातून त्याने अंग काढून घेतले. ‘बॅक्ड आउट टू पे’ असे होत नाही. अमेरिकी बोलण्यात ‘ही बॅक्ड आउट ऑन अस’ असेही ऐकू येते. तेथे ‘ऑन’नंतर ती व्यक्ती येते जिला तोंडघशी पाडले. हे रूप अनौपचारिक आहे.

या अर्थाने क्रियापद अकर्मक असल्यामुळे ‘ही बॅक्ड आउट द डील’ हे वाक्य चुकीचे ठरते आणि ‘द डील वॉज बॅक्ड आउट’ असा कर्मणी प्रयोगही होत नाही. सोबत वारंवार येणाऱ्या शब्दांत ‘ऐन वेळी’ या अर्थाचा ‘अॅट द लास्ट मिनिट’ सर्वांत पुढे आहे. ‘इट्स टू लेट टू बॅक आउट नाउ’, म्हणजे आता माघार घ्यायची वेळ निघून गेली, हेही तितकेच रुळलेले वाक्य आहे.

मग आयटी कंपन्यांत ‘बॅक द चेंज आउट’ असे कसे म्हणतात?

तो वेगळा अर्थ आहे आणि तेथे क्रियापद सकर्मक होते. चालू असलेल्या प्रणालीत केलेला बदल अडचणीचा ठरला, तर तो काढून प्रणाली पूर्वस्थितीला आणणे, म्हणजे तो बदल ‘बॅक आउट’ करणे. मोठ्या कंपन्यांत असा कोणताही बदल मंजूर करून घेताना ‘बॅकआउट प्लॅन’ लिहून द्यावा लागतो: बदल फसल्यास कोणती पायरी कोणी, किती वेळात उलटी फिरवायची. पुण्या-मुंबईतल्या ज्या अभियंत्यांना रात्रपाळीत असे काम करावे लागते, त्यांच्या बोलण्यात हा शब्द नाम म्हणूनही रुळला आहे. येथे कर्म मध्ये येऊ शकते, कर्मणी प्रयोगही होतो, आणि कोणी वचन मोडल्याचा भाव मुळीच नसतो. उलट वेळीच बदल मागे घेणारा शहाणा समजला जातो.

भूतकाळी रूपाचा उच्चार ‘बॅक्ड’ की ‘बॅक्ट’?

लिहिताना आपण सवयीने ‘बॅक्ड’ लिहितो. उच्चारात ‘क’ हा अघोष ध्वनी असल्यामुळे पुढचा ‘ड’ही अघोष होऊन ‘ट’ ऐकू येतो आणि सलग बोलण्यात ‘बॅक्टाउट’ असा एकच शब्द वाटतो. जोर ‘आउट’वर असतो. ‘बॅकेड’ असा उच्चार कधीही करू नये.

‘बॅक आउट’ आणि ‘पुल आउट’ यांत काय फरक आहे?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागते, कारण काही ठिकाणी दोन्ही चालतात.

‘पुल आउट’ म्हणजे जेथे आपण प्रत्यक्ष गुंतलेलो आहोत तेथून आपली माणसे, पैसा किंवा सहभाग काढून घेणे. त्यात सहभाग आधीच सुरू झालेला असतो. ‘बॅक आउट’मध्ये तो बहुधा सुरू व्हायचा असतो, फक्त शब्द दिलेला असतो. सैन्याच्या बाबतीत म्हणूनच ‘पुल आउट’ वापरतात. सोव्हिएत फौजांची अफगाणिस्तानातली अखेरची तुकडी 15 फेब्रुवारी 1989 रोजी बाहेर पडली, भारतीय शांतिसेनेने मार्च 1990 मध्ये श्रीलंका सोडली, आणि अमेरिकी सैन्याने ऑगस्ट 2021 च्या शेवटी काबूल विमानतळ सोडला; या तिन्ही घटनांना ‘पुल आउट’ शोभते. अमेरिकेने अफगाण सरकारला दिलेला शब्द पाळला नाही अशी टीका करायची असेल, तर टीकाकार वेगळे क्रियापद शोधील, पण सैनिक विमानात बसून परत जाण्याच्या क्रियेला ‘बॅक आउट’ म्हणणार नाही.

उद्योगांचेही तसेच. जनरल मोटर्सने 2017 मध्ये भारतातली विक्री थांबवण्याचे जाहीर केले, निर्यातीसाठी चालू ठेवलेल्या पुण्याजवळच्या तळेगाव कारखान्यातले उत्पादन 2020 च्या अखेरीस बंद केले आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. कंपनी भारतातून ‘पुल आउट’ झाली. एखाद्या कंपनीने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला आणि जमिनीवर कुदळ पडण्याआधीच विचार बदलला, तर तिने ‘बॅक आउट’ केले असे म्हणता येईल.

क्रीडाक्षेत्रात सीमारेषा पुसट होते. सप्टेंबर 2021 मध्ये न्यूझीलंडचा क्रिकेट संघ पाकिस्तानात पोहोचला होता, पण रावळपिंडीतला पहिला एकदिवसीय सामना सुरू होण्याच्या थोडा वेळ आधी सुरक्षेच्या कारणावरून त्याने दौराच सोडला. काही दिवसांतच इंग्लंडनेही आपला नियोजित दौरा रद्द केला. दोन्हींना ‘पुल्ड आउट ऑफ द टूर’ म्हटले गेले. काटेकोरपणे पाहिल्यास न्यूझीलंडला ‘पुल आउट’ अधिक लागू पडते, कारण संघ तेथे होता, आणि इंग्लंडला ‘बॅक आउट’ लागू करता येईल, कारण फक्त होकार दिलेला होता. वृत्तपत्रे एवढा काटेकोरपणा पाळत नाहीत, आणि वाचकांचेही त्यावाचून अडत नाही.

पॅरिस हवामान कराराच्या बाबतीत तिन्ही शब्द एकाच घटनेवर बसताना दिसतात. अमेरिका या करारातून बाहेर पडणार, ही घोषणा 1 जून 2017 रोजी झाली. करारातल्या अटींनुसार औपचारिक सूचना नोव्हेंबर 2019 मध्ये देता आली आणि ती वर्षभराने, 4 नोव्हेंबर 2020 रोजी, अमलात आली. कराराच्या मसुद्यात शब्द आहे ‘विथड्रॉ’, कारण तेथे बाहेर पडण्याची रीतसर तरतूद आहे. मथळ्यांत शब्द आला ‘पुल आउट’, कारण तो छोटा आणि चित्रमय आहे. ज्यांना हा निर्णय विश्वासघात वाटला त्यांनी ‘बॅक आउट’ म्हटले. परीक्षेत असा प्रश्न आला तर ‘विथड्रॉ’ लिहावे, ते कोठेही चुकत नाही.

भारताने ‘आरसेप’ करारातून ‘बॅक आउट’ केले असे म्हणणे बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. आशिया-प्रशांत देशांच्या या व्यापार कराराच्या वाटाघाटींत भारत अनेक वर्षे होता. 4 नोव्हेंबर 2019 रोजी बँकॉकमध्ये भारताने आपण सामील होणार नसल्याचे सांगितले आणि नोव्हेंबर 2020 मध्ये उरलेल्या 15 देशांनी करारावर सह्या केल्या. भारताने सहीच केलेली नव्हती. तेव्हा वाटाघाटींतून ‘पुल आउट’ केले, किंवा करारात न जाण्याचा पर्याय निवडला म्हणून ‘ऑप्ट आउट’ केले, हे योग्य. ‘बॅक आउट’ म्हटल्याने नसलेल्या वचनाचा भंग पदरात पडतो.

‘पुल बॅक’ म्हणजे तेच का?

नाही. ‘पुल बॅक’मध्ये सैन्य मागच्या ठाण्यावर येते, मोहीम सोडत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या दोन्ही काठांवरून भारत आणि चीन यांच्या तुकड्या मागे हटल्या, ते ‘पुल बॅक’ होते. सीमेवरचा पहारा सुटला नव्हता. डावपेच म्हणून घेतलेल्या माघारीलाही हेच किंवा ‘फॉल बॅक’ हे क्रियापद लागते. गनिमी काव्यातली माघार इंग्रजीत सांगताना ‘बॅक आउट’ लिहिणे म्हणजे डावपेचाला पळपुटेपणा ठरवणे होय.

‘बॅक डाउन’ आणि ‘बॅक ऑफ’ यांचा अर्थ कसा ओळखावा?

‘बॅक डाउन’मध्ये समोर विरोधक असतो. आपली मागणी, दावा किंवा ताठर भूमिका दबावाखाली सोडून देणे म्हणजे ‘बॅक डाउन’. ऑक्टोबर 1962 मध्ये सोव्हिएत संघाने क्यूबात बसवलेल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी युद्धाचा प्रसंग उभा राहिला आणि 28 ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी ती काढून घेण्याचे मान्य केले. ‘ख्रुश्चेव्ह बॅक्ड डाउन’ हे वर्णन त्याच दिवसांत रूढ झाले. त्या समझोत्यात अमेरिकेनेही क्यूबावर आक्रमण न करण्याची हमी दिली होती आणि तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रे हलवण्याचे खाजगीत कबूल केले होते, ही बाजू त्या वर्णनात झाकली गेली. मराठीत येथे ‘नमते घेणे’ हा अचूक वाक्प्रचार आहे. ‘माघार घेणे’ चालते, पण ‘नमते घेणे’मध्ये दोन बाजूंची रस्सीखेच दिसते.

‘बॅक ऑफ’ (back off) म्हणजे दूर सरकणे, पिच्छा सोडणे, दबाव कमी करणे. कोणी अंगावर येत असेल तर ‘बॅक ऑफ!’ असे खडसावतात, त्यात ‘मागे हो’ एवढाच अर्थ असतो आणि सूर उद्धट असतो. वरिष्ठांना उद्देशून तो चुकूनही वापरू नये.

‘ड्रॉप आउट’, ‘ऑप्ट आउट’, ‘स्टेप डाउन’ कोठे वापरतात?

‘ड्रॉप आउट’ म्हणजे चालू अभ्यासक्रम, शर्यत किंवा मोहीम मध्येच सोडणे. शाळा सोडलेल्या मुलांसाठी तो आपल्याकडे नाम म्हणून पक्का झाला आहे. 21 जुलै 2024 रोजी जो बायडेन अध्यक्षपदाच्या शर्यतीतून बाहेर पडले तेव्हाही हाच शब्द सर्वत्र होता.

‘ऑप्ट आउट’मध्ये व्यवस्था तुम्हाला आपोआप सामावून घेते आणि तुम्ही नियमानेच बाहेर राहण्याचा पर्याय निवडता. इंग्लंडमध्ये मे 2020 पासून अवयवदानाच्या बाबतीत अशी पद्धत आहे: नकार नोंदवला नसेल, तर प्रौढ व्यक्तीची संमती गृहीत धरतात. भारतात उलट आहे, येथे संमती लागते. डेन्मार्क युरोपीय संघात असूनही युरो हे चलन वापरत नाही, तीही मिळवलेली ‘ऑप्ट आउट’ सवलतच.

‘स्टेप डाउन’ हे पदाशी जोडलेले आहे. शरद पवार यांनी 2 मे 2023 रोजी राष्ट्रवादी काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून दूर होण्याचे जाहीर केले, ते ‘स्टेप डाउन’. 5 मे रोजी त्यांनी तो निर्णय मागे घेतला, ते ‘विथड्रॉ’. दुसऱ्या घटनेला ‘बॅक आउट’ म्हणायचे की नाही, हे बोलणाऱ्याच्या राजकारणावर अवलंबून राहील, म्हणून निवेदनात ते टाळलेले बरे.

‘गो बॅक ऑन’ आणि ‘बॅक आउट’ एकमेकांऐवजी वापरता येतात का?

अर्थ जवळचा असला तरी पुढचे नाम वेगळे असते. ‘गो बॅक ऑन’नंतर शब्द, वचन, आश्वासन येते, ‘बॅक आउट ऑफ’नंतर व्यवहार, करार, बेत येतो. वचनातून ‘बॅक आउट’ करता येते, पण ‘गो बॅक ऑन द ट्रिप’ हे वाक्य मात्र निरर्थक होते.

मराठीत याला सर्वांत योग्य प्रतिशब्द कोणता?

एकच नाही, आणि तसा शोधूही नये. ‘अंग काढून घेणे’ हा मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ जातो, कारण त्यात आधीचे गुंतणे आणि नंतरचे जबाबदारी टाळणे, दोन्ही आहेत. वचनावर भर द्यायचा असेल तर ‘शब्द फिरवणे’ घ्यावे. ऐन कामाच्या वेळी असमर्थता दाखवली तर ‘हात वर करणे’. भीतीने धीर सुटला तर ‘कच खाणे’, आणि बोलणारा चिडलेला असेल तर ‘शेपूट घालणे’. या शेवटच्या दोन छटांना इंग्रजीत ‘चिकन आउट’ जवळचे आहे. प्रसंग अडचणीचा होताच गुपचूप निसटला तर ‘काढता पाय घेणे’, मात्र त्यात आधी कबुली दिलेली असावीच असे नाही. ठरलेले लग्न असेल तर ‘सोयरीक मोडणे’ हा वाक्प्रचार आहेच, तेथे ‘लग्नातून माघार घेतली’ असे लिहिणे कृत्रिम वाटते.

‘घूमजाव करणे’ हा वृत्तपत्रांचा लाडका वाक्प्रचार येथे बहुधा बसत नाही. घूमजाव भूमिकेत होते, व्यवहारात नाही; त्याला इंग्रजीत ‘बॅकट्रॅक’ किंवा ‘यू टर्न’ जवळचे आहेत. ‘हात आखडता घेणे’ही चुकीच्या जागी वापरलेले दिसते, त्याचा अर्थ देण्यात काटकसर करणे असा आहे.

‘माघार घेणे’ हा शब्द तटस्थ आहे आणि तेच त्याचे बळ. जेथे दोष द्यायचा नाही तेथे तो वापरावा, आणि जेथे द्यायचा आहे तेथे वरच्यांपैकी एक निवडावा.

‘त्याने बॅक आउट केलं’ बरोबर, की ‘तो बॅक आउट झाला’?

बोलण्यात दोन्ही ऐकू येतात. ‘केलं’मध्ये कर्त्याने जाणूनबुजून केल्याचा अर्थ स्पष्ट राहतो, म्हणून ते अधिक सयुक्तिक वाटते, ‘झाला’मुळे जणू आपोआप घडले असा समज होतो. लेखी मराठीत या दोन्हींची गरज नाही, वरच्या उत्तरातले वाक्प्रचार पुरेसे आहेत. कथेतला संवाद किंवा मुलाखतीतले जसेच्या तसे बोलणे देताना मात्र ते बदलू नये.

नोकरीची ऑफर स्वीकारल्यानंतर नाकारायची असल्यास पत्रात हे क्रियापद लिहावे का?

लिहू नये. जेथे दोन-तीन महिन्यांचा नोटिस पीरियड असतो तेथे उमेदवाराला मधल्या काळात दुसरी ऑफर येणे नित्याचे झाले आहे. मनुष्यबळ विभागातले लोक आपापसांत ‘कँडिडेट बॅक्ड आउट’ असे म्हणतात, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबर आहे: त्यांनी जागा अडवून ठेवली, इतरांना नकार कळवला, आणि आता भरती पुन्हा करायची. पण हेच क्रियापद उमेदवाराने स्वतःविषयी वापरले तर तो स्वतःवरच ठपका ठेवतो.

येथे तीन स्थिती वेगळ्या कराव्यात. ऑफर अजून स्वीकारलेली नसेल, तर ‘डिक्लाइन’ हे क्रियापद लागते, आणि त्यात कोणताही कमीपणा नाही. स्वीकारलेली असेल पण रुजू झाला नसाल, तर ‘आय रिग्रेट दॅट आय मस्ट विथड्रॉ माय अॅक्सेप्टन्स ऑफ युअर ऑफर’ असे वाक्य लिहावे. त्यात आधीचा होकार प्रामाणिकपणे मान्य केलेला आहे आणि भाषाही सभ्य आहे. रुजू झाला असाल, तर मग तो ‘रिझाइन’चा, म्हणजे राजीनाम्याचा विषय होतो. निवडप्रक्रिया चालू असतानाच बाहेर पडायचे असेल, तर ‘विथड्रॉ माय ॲप्लिकेशन’ किंवा ‘विथड्रॉ माय कँडिडेचर’ म्हणावे.

कारण किती द्यावे हा भाषेपेक्षा व्यवहाराचा प्रश्न आहे, तरी एक ओळ पुरते. लांबलचक सबबी सांगितल्या की ‘रिगल आउट’, म्हणजे वळवळत निसटणे, हे आणखी वाईट क्रियापद समोरच्याच्या मनात येते.

करारनाम्यात किंवा कायदेशीर नोटिशीत ‘बॅक आउट’ चालते का?

चालत नाही. हे बोलण्यातले आणि बातमीतले क्रियापद आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्यात प्रस्ताव मागे घेण्यासाठी ‘रिव्होक’ आहे: कलम 5 प्रमाणे प्रस्ताव देणाऱ्याच्या बाबतीत स्वीकृतीचा निरोप पूर्ण होण्याआधी, म्हणजे स्वीकारणाऱ्याने तो रवाना करण्याआधी, प्रस्ताव मागे घेता येतो. त्यानंतर एका पक्षाने करार पाळला नाही, तर त्याला कराराचा भंग म्हणतात आणि भरपाईचा विचार कलम 73 व 74 खाली होतो. इसाराची रक्कम जप्त करण्यावरून होणारे वाद बहुधा येथेच येऊन पोहोचतात. नोटिशीत ‘युअर क्लायंट बॅक्ड आउट’ असे कधी कधी वाचायला मिळते खरे. तेथे ‘तुमच्या अशिलाने करार पाळण्यास नकार दिला’ या अर्थाचे ‘रिफ्यूज्ड टू परफॉर्म’ लिहिल्यास अर्थ नेमका होतो आणि चिडचिड कमी दिसते.

निवडणुकीत उमेदवाराने अर्ज मागे घेतला तर काय म्हणावे?

कायद्याची भाषा ‘विथड्रॉवल ऑफ कँडिडेचर’ अशी आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 37 मध्ये त्याची तरतूद असून एकदा दिलेली माघारीची सूचना रद्द करता येत नाही, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. मराठी बातम्यांतला ‘बंडखोरांची माघार’ हा मथळा इंग्रजीत नेताना मात्र विचार करावा. पक्षाच्या दबावापुढे बंडखोर नमला असेल तर ‘बॅक्ड डाउन’. नुसता अर्ज काढून घेतला असेल तर ‘विथड्र्यू’. एखाद्या गटाला पाठिंब्याचा शब्द देऊन मग तो फिरवला असेल तर ‘बॅक्ड आउट’. तिन्ही वाक्ये एकाच माणसाबद्दल एकाच दिवशी खरी असू शकतात, आणि महाराष्ट्राच्या राजकारणात तसे दिवस दुर्मीळ नाहीत.

याचा विरुद्धार्थी ‘बॅक इन’ आहे का?

नाही. ‘बॅक इन’ म्हणजे गाडी रिव्हर्समध्ये आत घालणे. शब्द पाळून शेवटपर्यंत टिकून राहण्याला ‘गो थ्रू विथ’ किंवा ‘स्टिक टू’ म्हणतात, आणि माघारीनंतर पुन्हा सामील होण्याला ‘रिजॉइन’. अमेरिका 19 फेब्रुवारी 2021 रोजी पॅरिस करारात परतली तेव्हा ‘रिजॉइन्ड’ हाच शब्द होता. जानेवारी 2025 मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला तेव्हा मथळ्यांत ‘पुल आउट’ परत आला.